थिंग: सभा, खटला, वस्तू... आणि आपली 'गोष्ट'

शब्दखुणा

गेल्या आठवड्यात शेतातल्या पंपाला जोडायच्या एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करत होते. पहिल्याच पानावर 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' (यंत्रं आणि उपकरणं इंटरनेटने एकमेकांना जोडणं) आलं आणि मी अडकले. 'वस्तूंचं इंटरनेट' लिहिलं, खोडलं. पंप, व्हॉल्व्ह, मातीत खोचलेला ओलावा मोजणारा सेन्सर यांना वस्तू म्हटलं की दुकानात मांडून ठेवल्यासारखं वाटतं. 'गोष्टी' म्हटलं की आजीची मांडी आठवते. मग म्हटलं, मुळात हा 'थिंग' आहे तरी कोण, म्हणून जुन्या इंग्रजीचा कोश उघडला. पुस्तिका तशीच राहिली आणि तीन रात्री या एका शब्दात गेल्या.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 सालाआधीच्या इंग्रजीत, 'थिंग'चा एक अर्थ आहे सभा. माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जमतात, भांडणं मांडतात, निवाडा होतो, ते थिंग. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटचे राजे ह्लोथहेरे आणि एआड्रिक यांचा सातव्या शतकातला कायदा आहे (ह्लोथहेरेची कारकीर्द 673 ते 685). त्यातलं एक कलम सांगतं की कुणी दुसऱ्यावर आरोप ठेवला आणि तो माणूस त्याला 'मॅथेलमध्ये किंवा थिंगमध्ये' भेटला, तर आरोपीने जामीन द्यावा आणि केंटचे न्यायाधीश सांगतील तसं वागावं. मॅथेल म्हणजेही सभाच.

मला खरं गुंतवलं ते 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी वीरकाव्याने. त्याचा नायक बेओवुल्फ ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी लढायला येतो. बेओवुल्फ डेन लोकांच्या राजासमोर उभा राहून ओळख करून देतो, त्या एकाच भाषणात थिंग दोनदा येतो. 409व्या ओळीत तो म्हणतो, ग्रेंडेलचं थिंग माझ्या मायदेशी माझ्या कानावर आलं. इथे अर्थ 'प्रकरण'. पुढे 426व्या ओळीत म्हणतो, आता त्या राक्षसाबरोबर मी एकटा थिंग भरवीन. इथे अर्थ सभा. राक्षसाशी हातघाईची लढाई करायला निघालेला माणूस 'त्याच्याशी बैठक घेतो' असं म्हणतोय! सतरा ओळींच्या अंतरात शब्द प्रकरणापासून सभेपर्यंत जाऊन येतो. ऐकणाऱ्यांना दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येत असणार, असं मला वाटतं.

त्याच काव्यात 'थिंगियन' हे क्रियापदही आहे: तडजोड करणं, भरपाई देऊन वैर मिटवणं. राजा ह्रोथगारने बेओवुल्फच्या बापाचं वैर पैसे भरून मिटवलं होतं, तिथे हेच क्रियापद. ग्रेंडेल मात्र भरपाई देऊन वैर मिटवायला तयार नाही, तिथेही हेच. म्हणजे ग्रेंडेलचा राक्षसपणा नुसता माणसं खाण्यात नाही. तो थिंगमध्ये येत नाही, सभेचा निवाडा मानत नाही, हाही त्याचा गुन्हा आहे.

तर प्रवास असा: सभा, मग सभेपुढे आलेला तंटा, मग कुठलंही प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू. यातले बरेचसे अर्थ जुन्या इंग्रजीतच शेजारी शेजारी नांदत होते. पुढे सभेचा अर्थ इंग्रजीतून गळून पडला.

अशी वाट चाललेले आणखी शब्द कुणाला माहीत आहेत का? आणि पुस्तिकेसाठी शब्द सुचवलात तर उपकार होतील.

---

काळा कोट

सुंदर धागा. वकिलीच्या बाजूने भर घालतो.

लॅटिनमध्ये 'काउझा' म्हणजे खटला, दावा. तोच शब्द फ्रेंचमध्ये 'शोझ' झाला, इटालियनमध्ये 'कोझा', पोर्तुगीजमध्ये 'कोइझा'. तिन्हींचा आजचा अर्थ: वस्तू, गोष्ट. खटल्याची वस्तू झाली ती तिकडेही. गोव्यातल्या जुन्या पिढीला कोइझा माहीत असेल.

इंग्रजीत अशाच वाटेचा आणखी एक शब्द आहे, 'सेक', म्हणजे 'फॉर द सेक ऑफ' मधला. जुन्या इंग्रजीत तो 'सकू' होता: भांडण, दावा. तुम्ही दिलेलं केंटचं कलम 'सकू'नेच सुरू होतं, कारण आरोप ठेवणं म्हणजे दुसऱ्यावर सकू ठेवणं. जर्मनमध्ये त्याच घराण्यातला 'झाखं' आज सरळ 'वस्तू' म्हणून वापरतात. इंग्रजीत मात्र तो 'च्यासाठी' एवढ्या एका कोपऱ्यात उरला. दावा ज्याच्यासाठी, ते कारण. त्यावरून 'च्या कारणे', 'च्याखातर'.

डच लोकांकडे जुना अर्थ अजून जिवंत आहे. तातडीच्या दिवाणी दाव्याला ते 'कोर्ट खेडिंग' म्हणतात. त्यातला 'कोर्ट' म्हणजे आखूड, आणि 'खेडिंग'मध्ये आपला थिंग बसलेला आहे.

अवांतर: आपल्याकडे लॉ कॉलेजात मूट कोर्ट असतं, म्हणजे सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला. त्यातला 'मूट' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'गेमोट', तोही सभाच. 'विटेनागेमोट' म्हणजे राजाच्या शहाण्या सल्लागारांची सभा. पुण्यात मूट कोर्टात उभे राहून पाय लटपटले होते तेव्हा यातलं काही ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

---

उत्तरवारा

दोन वर्षांपूर्वी आइसलँडला गेले होते, तेव्हा थिंगवेट्लिर पाहिलं. नावाचा अर्थच 'थिंगची मैदानं'. 930 साली तिथे 'आल्थिंग' भरायला लागलं, म्हणजे सगळ्यांचं थिंग. 1798 पर्यंत ते तिथेच भरत होतं. आजही आइसलँडच्या संसदेचं नाव तेच आहे, फक्त आता ती रेक्याविकला एका दगडी इमारतीत भरते.

जागा बघून मी गप्प झाले. एका बाजूला काळ्या खडकाची लांबच लांब भिंत, समोर सपाट गवत, मधून नदी. युरेशिया आणि उत्तर अमेरिका या दोन भूपट्टांच्या मधली ही भेग आहे आणि ती अजून रुंदावते आहे. खडकाच्या कडेला 'ल्योगबेर्ग', कायद्याचा खडक. सुरुवातीला कायदे लिहिलेले नव्हते. कायदा सांगणारा एक निवडलेला माणूस तिथे उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत सगळा पुरा.

तिथली एक हकिगत वाटाड्याने सांगितली, मग घरी येऊन वाचली. 1000 सालच्या सुमारास ख्रिस्ती आणि जुन्या देवांना मानणारे असे दोन तट पडले, यादवी होईल असं वाटू लागलं. निर्णय कायदा सांगणाऱ्या थोरगेइरवर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर कांबळं घेऊन पडून राहिला, उठला, आणि म्हणाला की सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं, कारण कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. लोकांनी ऐकलं. थिंग या शब्दाचं वजन मला त्या गवतावर उभं राहून कळलं.

17 जून 1944 ला आइसलँडने प्रजासत्ताक जाहीर केलं तेही तिथेच, पावसात.

आणि आता गंमत: आइसलँडिकमध्ये रोजच्या 'वस्तू'ला सर्रास 'हलुतुर' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा.

---

गोठणकार

आमच्या मालवणीत 'गजाल'. 'ती गजाल येगळी', 'काय गजाल झाली?', 'गजाली करीत बसले'. प्रकरण, बातमी, गप्पा, सगळं एकाच शब्दात. वस्तूला मात्र गजाल म्हणत नाहीत, म्हणजे आमची गजाल अजून अर्ध्या वाटेवर आहे!

---

जुनी पोथी

शब्दखुणाताई, तुम्ही स्वतःच मूळ प्रश्नात उत्तर लिहून ठेवलं आहे आणि पुढे निघून गेलात. 'गोष्टी' म्हटलं की आजीची मांडी आठवते, असं लिहिलंत ना? गोष्ट शब्दाकडे नीट बघा.

संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाईंची उभं राहण्याची जागा, गो आणि स्थ. त्यावरून 'गोष्ठी': आधी जमण्याची जागा, मग जमाव, मंडळ, सभा. आंध्रातल्या भट्टिप्रोलू इथल्या स्तूपात सापडलेल्या करंडकांवर प्राकृत लेख आहेत, इसवी सनापूर्वीचे. त्यांत 'गोठी' म्हणजे दान देणारं मंडळ, आजच्या भाषेत समिती. पुढच्या काळातल्या लेखांत देवळाचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या सदस्याला 'गोष्ठिक' म्हटलेलं आहे. कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिक पुरुषाच्या, वर्णनात 'गोष्ठीसमवाय' येतो, म्हणजे रसिकांची बैठक.

मंडळी जमली की बोलणार. म्हणून गोष्ठी म्हणजे बोलणं, संवाद. ज्ञानेश्वरीत 'गोठी' येते ती याच अर्थाने, बोलणं, हकिगत. 'ज्ञानगोष्टी', 'चार गोष्टी बोलणं', 'गोष्टी सांगणं' हे आपण आजही म्हणतो. बोलणं म्हटलं की बोलण्याचा विषय आला, म्हणून 'ही गोष्ट वेगळी', 'पैशाची गोष्ट काढू नकोस'. आणि विषयावरून शेवटी 'घरात लागणाऱ्या गोष्टी', म्हणजे चक्क वस्तू.

सभा, बोलणं, बाब, वस्तू. थिंग ज्या वाटेने गेला, जवळजवळ त्याच वाटेने गोष्ट गेली. फरक एकच, आणि तो मला फार आवडतो. त्यांच्या वाटेवर मधलं गाव खटल्याचं आहे, आपल्या वाटेवर गप्पांचं. त्यामुळे आपल्याकडे गोष्टीचा एक फाटा फुटून कहाणीकडे गेला. थिंगची कहाणी कधी झाली नाही.

हिंदीत मात्र 'गोष्ठी' सभेपाशीच थांबली. काव्यगोष्ठी, संगोष्ठी म्हणजे आजही बैठक.

आणि हो, 'गोठा' हा गोष्टीचा सख्खा भाऊ. एक घरामागे राहिला, एक ओसरीवर आला.

---

शब्दखुणा

पोथीकाका, अंगावर काटा आला. रोज पन्नास वेळा 'गोष्ट' लिहिते मी. भाषांतर करताना 'थिंग' दिसला की डोळे मिटून 'गोष्ट' टाकायची सवय आहे, आणि या दोन शब्दांचं पूर्वायुष्य एवढं सारखं असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

---

गोठणकार

आता माझ्या नावाचा खुलासा करतो. कोकणात गावाबाहेर झाडाखाली सपाट जागा असते, दुपारी गुरं चरून तिथे बसवतात. तिला गोठण म्हणतात. राजापूर तालुक्यात गोठणे नावाचं गावच आहे. गुरं रवंथ करतात, राखणे पोरगे सावलीला बसून गजाली करतात. म्हणजे गो-स्थान आणि गोष्टी दोन्ही एका झाडाखाली. पोथीकाकांनी पुस्तकातून सांगितलं ते मी लहानपणी रोज बघितलंय.

---

सरळरेषा

एक शंका. इतकं साम्य आहे तर थिंग आणि गोष्ट एकाच मूळ शब्दातून आले असतील का? शेवटी दोन्ही इंडो-युरोपीयच भाषा.

---

जुनी पोथी

नाही, सरळरेषा. शब्द वेगळे, मूळ वेगळं. 'गोष्ठ'मधला 'गो' इंग्रजीतल्या 'काऊ'चा नातलग आहे, 'स्थ' हा 'स्टँड'चा. थिंगमध्ये दोन्ही नाहीत.

थिंगच्या मुळाबद्दल पुष्कळ अभ्यासक असं मानतात की तो ताणणं, पसरणं या अर्थाच्या धातूपासून आला: ताणलेला काळ, काळाचा ठरावीक तुकडा, म्हणून ठरलेली वेळ, म्हणून ठरलेल्या वेळी भरणारी सभा. गॉथिक भाषेत 'थेइह्स' म्हणजे काळ, तो याच कुळातला धरतात. हे मान्य केलं तर थिंगचं आपल्याकडचं नातं 'तन्' धातूशी, म्हणजे तंतू, तान, वितान यांच्याशी लागेल. गोष्टीशी नाही.

नात्याचं साम्य आणि वाटेचं साम्य या वेगळ्या बाबी. मला वाटेचं साम्य जास्त मोलाचं वाटतं. रक्ताचं नातं असतं तर सारखेपणाचं नवल काय? इथे एकमेकांना न ओळखणारे दोन शब्द हजारो मैलांवर एकाच दिशेने चाललेत.

---

स्टुटगार्टकर

आज मंगळवार आहे, म्हणून हे सांगायलाच हवं.

जर्मनमध्ये मंगळवार म्हणजे 'डीन्सटाग', आणि त्यात थिंग लपलेला आहे. इंग्लंडच्या उत्तरेला हेड्रियनची भिंत आहे, तिच्यावरच्या हाउसस्टेड्स या रोमन ठाण्याजवळ 1883 मध्ये दगडी वेद्या सापडल्या. रोमन फौजेतल्या जर्मन वंशाच्या सैनिकांनी तिसऱ्या शतकात उभारलेल्या. त्यांवर लॅटिनमध्ये लिहिलंय: 'मार्स थिंक्सस या देवास'. मार्स म्हणजे रोमनांचा युद्धदेव, थिंक्सस म्हणजे थिंगचा, सभेचा रक्षक. याच देवाच्या या नावावरून जर्मन आणि डच मंगळवार आले असं मानलं जातं. इंग्रजीने त्याच देवाचं दुसरं नाव घेतलं, 'टिऊ', म्हणून ट्यूजडे. आणि मार्स हाच ग्रह आपला मंगळ. आपण मंगळवार म्हणतो, शेजारची जर्मन आजी डीन्सटाग म्हणते, आणि दोघांच्या वारामागे ग्रह-देवता एकच.

रोजच्या जर्मनमध्ये 'डिंग' म्हणजे वस्तू. पण 'डिंगफेस्ट माखन' हा वाक्प्रचार अजून आहे: एखाद्याला पकडणं, अटक करणं. शब्दशः, त्याला थिंगपुढे उभं राहण्यासाठी बांधून ठेवणं. बातम्यांत ऐकते मी हा.

टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इसवी सन 98 मध्ये जर्मन टोळ्यांच्या सभांचं वर्णन केलंय. अमावास्येला किंवा पौर्णिमेला जमायचे. दिवस नाही, रात्री मोजायचे. सगळे एकदम येत नसत, वाट बघण्यात दोन-तीन दिवस जायचे. बोलणं पटलं नाही तर कुजबुज करून उडवून लावायचे, पटलं तर भाले एकमेकांवर आपटायचे.

---

मर्सीकाठ

मी लिव्हरपूलजवळ राहते, नदीपलीकडे विरल भागात. माझ्या बसच्या वाटेवर थिंगवॉल नावाचं गाव लागतं. सात वर्षं त्या पाटीखालून गेले आणि वाटायचं कुठली तरी भिंत असेल. हा धागा वाचून उठले आणि शोधलं. भिंत नाहीच, 'थिंगव्होट्लर', थिंगचं मैदान, उत्तरवारा यांच्या थिंगवेट्लिरचंच जुळं! नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले लोक इथे येऊन वसले होते, त्यांची सभा इथे भरायची. 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीतही हे गाव आहे. हेच नाव स्कॉटलंडमध्ये डिंगवॉल झालं, शेटलंडमध्ये टिंगवॉल, आणि समुद्रापलीकडच्या आयल ऑफ मॅन या बेटावर टिनवॉल्ड.

टिनवॉल्ड तर अजून भरतं. 5 जुलैला सेंट जॉन्स गावातल्या चार पायऱ्यांच्या टेकडीवर, वाटेवर लव्हाळं पसरतात. वर्षभरातले नवे कायदे मँक्स आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लोकांपुढे मोठ्याने जाहीर होतात. कायदा मंजूर झाल्यावर 18 महिन्यांत असा जाहीर झाला नाही तर तो रद्द होतो. लोकांच्या कानावर पडला नाही तो कायदा नाही, ही जुन्या थिंगची समज त्यांनी सोडलेली नाही.

आणखी एक. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत निवडणूक आली की 'हस्टिंग्ज' शब्द दिसतो ना? तो 'हूस-थिंग', घरची सभा. राजा किंवा सरदार आपल्या घरच्या माणसांची घ्यायचा ती. मग लंडनच्या गिल्डहॉलमधल्या न्यायालयाला हे नाव मिळालं, मग उमेदवार ज्यावर उभे राहायचे त्या फळ्यांच्या मंचाला. मतदारही तिथेच येऊन मोठ्याने मत सांगायचे. 1872 च्या कायद्याने गुप्त मतदान आलं, मंच गेला, शब्द राहिला.

---

मोडीवाचक

सभा आणि खटला एकच असणं आपल्याला नवं नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या वतनाच्या तंट्यांची कागदपत्रं वाचताना 'गोतसभा' सतत भेटते. गोत जमायचं, दोन्हीकडचं ऐकायचं, निवाड्याचा महजर लिहायचा. खाली साक्षी, आणि लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर तर अनेकांनी पाहिला असेल. 'महजर' हा अरबीतून आलेला शब्द, हजर या शब्दाच्या घरातला: जिथे हजर राहिले ती बैठक, आणि मग त्या बैठकीचा कागद. बैठकीचा कागद झाला तो असा.

आणि 'बाब' म्हणजे अरबीत दरवाजा, मग ग्रंथाचं प्रकरण, मग मुद्दा. 'प्रकरण'ही ग्रंथातलं आणि कोर्टातलं दोन्ही. 'पदार्थ' तर शब्दाचा अर्थ होता, तो आपण ताटात वाढला. शब्दखुणाताईंना निवडायला ढीग आहे.

---

द्राक्षबाग

ताई, मी निफाडकडचा शेतकरी, अशी पुस्तिका उघडून बघणारा माणूस. वर सगळं वाचलं, आवडलं. पण पुस्तिकेत गोष्ट, वस्तू, चीज, काही नको. आम्ही म्हणतो 'मोटर मोबाईलला जोडली', 'ठिबकचा व्हॉल्व्ह मोबाईलवरून फिरतो'. रात्री दोनला लाईट येते, तेव्हा बांधावर न जाता कळलं पाहिजे की पाणी चालू झालं का, कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे. कोण कोणाला काय सांगतं तेवढं लिहा. सेन्सर पंपाला सांगतो माती ओली आहे, पंप बंद होतो, मला मेसेज येतो. झालं.

---

शब्दखुणा

द्राक्षबाग दादा, तुमचं वाक्य जवळजवळ तसंच घेतलं. काल रात्री पहिलं पान पाठवलं: "तुमचा पंप, व्हॉल्व्ह आणि मातीतला सेन्सर इंटरनेटने जोडलेले असतात. ते एकमेकांना आणि तुम्हाला माहिती सांगतात."

पाठवल्यावर परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की 'थिंग्ज' शब्द त्यात कुठेच नाही, पण तिघे जमलेत आणि बोलतायत.

---

जुनी पोथी

म्हणजे गोष्टी करतायत.